बिनखमिराचं पीठ

तात्यांना बाहेर जेवायला नेणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं. नेणाऱ्याच्या अंगावर ओरखडे ठरलेले. चाळीस वर्षं बेकरी चालवलेला माणूस. समोर पाव येवो, केक येवो, नाहीतर साधं बिस्किट, तात्या आधी वास घेणार, मग बोटानं दाबून बघणार आणि मग ज्यानं ते केलं त्याचा सगळ्यांदेखत पंचनामा करणार. कुणाकडे जेवायचं बोलावणं असलं की त्यांची बायको, जिला अख्खी गल्ली काकू म्हणते, जिन्यातच दम भरायची, की तिथे पावाला हात लावायचा नाही, आणि लावलाच तर तोंड उघडायचं नाही. तात्या बरं म्हणायचे आणि पाच मिनिटांत यजमानीणबाईंना विचारायचे, की हा भाजला होता की नुसता उन्हात ठेवला होता?

हे सगळं आधीचं. गेल्या चार वर्षांत तात्यांची ती जीभ जवळजवळ बंद पडली होती, आणि त्याला कारण होतं.

बेकरीत पीठ मळायचं मशीन असतं, त्याच्या तोंडावर एक लोखंडी जाळी असते. मशीन चालू असताना कुणाचा हात आत जाऊ नये म्हणून. तात्यांनी ती जाळी काढून कोपऱ्यात उभी करून ठेवली होती, कारण ती उघडण्या-लावण्यात दर घाण्याला दोन मिनिटं जायची आणि तात्यांचा जीव त्या दोन मिनिटांत अडकलेला. एका सकाळी त्यांच्याबरोबर बेकरीत काम करणाऱ्या धाकट्या मुलीचा उजवा हात आत गेला. हात वाचला, पण शेवटची दोन बोटं ताठ झाली ती झालीच, आणि मनगटातला जोर गेला. तीन महिन्यांनी धाकटी घर सोडून गेली. आईला फोन करायची, वडिलांशी एक अक्षर नाही. वर्षभरात तात्यांनी बेकरीला कुलूप लावलं.

'जाळी मी काढली होती, माझं चुकलं.' एवढंच तिला सांगायचं होतं. दाढी करताना आरशासमोर ते शंभर वेळा म्हणून झालं होतं. पण फोन वाजला आणि काकूंच्या आवाजावरून तो धाकटीचा आहे असं कळलं, की हाच माणूस, ज्याच्या नुसत्या खाकरण्यानं बेकरीतले सहा कारागीर सरळ व्हायचे, गुपचूप गॅलरीत जाऊन उभा राहायचा. घाबरायचा हो, दुसरं काय. ती फोन ठेवून देईल याला घाबरायचा.

तर त्या दुपारी काकूंनी त्यांना नवा चष्मा आणायला म्हणून बाहेर काढलं. चष्मा नाकावर चढला, आणि काकू म्हणाल्या, पोटात कावळे ओरडतायत, इथेच समोर काहीतरी खाऊ. समोर म्हणजे रस्त्यापलीकडे, दाराला निळा पडदा लावलेलं नूडल्सचं दुकान. जपानी. तात्यांनी पाटी वाचली आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. याच पाटीची दुकानं त्यांनी आणखी दोन ठिकाणी पाहिली होती. देशोदेशी शेकड्यांनी आहेत म्हणे, सगळी एका साच्यातून काढलेली. बऱ्याच दिवसांनी तात्यांची जीभ जरा सैल झाली. कुठेतरी फॅक्टरीत करायचं, गोठवायचं, इथे आणून गरम पाण्यात बुडवायचं, आणि त्याला खाणं म्हणायचं, असं त्यांनी भर रस्त्यात ऐकवलं. काकू म्हणाल्या, तुम्हाला नको तर बाहेर थांबा, पण ही पिशवी धरा. तात्या पिशवी घेऊन मुकाट्यानं आत शिरले.

आत शिरताच नवा चष्मा वाफेनं पांढरा झाला. तात्यांनी तो शर्टाला पुसला, परत चढवला, आणि जे दिसलं ते बघून दारातच थबकले.

समोर एक हंडा उकळत होता. हंडा कसला, त्यात एखादं म्हशीचं रेडकू आरामात बसलं असतं. डोक्याला पांढरा रुमाल बांधलेला चाळिशीचा एक माणूस त्यात जाड पांढऱ्या नूडल्सची जुडी सोडत होता. बाजूच्या फळीवर एक बाई पिठाची लाटलेली जाड पोळी घडी घालून ठेवत होती आणि भल्यामोठ्या सुरीनं कापत होती. खट, खट, खट. एक पट्टी दुसरीपेक्षा केसभर जाड नाही. तात्यांनी मनातल्या मनात तिच्यात खोट काढायचा प्रयत्न केला आणि त्यांना ती सापडेना. म्हणजे गोठवलेलं नव्हतं. इथेच करत होते. तात्या आपल्या नकळत पुढे सरकले.

ओळीत ट्रे घेऊन उभं राहायचं अशी तिथली पद्धत. हंड्यावरचा माणूस लांब दांड्याच्या गाळणीत नूडल्स उचलायचा, मनगटाला एक झटका द्यायचा, तर सगळं पाणी एका थेंबात निघाल्यासारखं खाली पडायचं आणि नूडल्स वाडग्यात. तात्यांनी सात वाडगे मोजले. सातही वेळा तोच झटका, आणि वाडग्याच्या काठावर शिंतोडा नाही. आपल्याकडे वीस वर्षं काम केलेल्या कारागिरांनाही असा हात साधला नव्हता, हे त्यांना कबूल करावं लागलं. स्वतःशीच म्हणा, पण कबूल केलं. पुढे भिंतीला एक तोटी होती. काकूंनी वाडगा तिच्याखाली धरला, आणि तोटीतून गरमागरम सोनेरी सूप आलं! तात्यांनी वाकून तोटीच्या मागे पाहिलं. मागे भिंतच होती. सूप नळाला येतं, हे बघायला आपण जगलो, असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी तोटी पुन्हा एकदा सोडून पाहिली. मागचं गिऱ्हाईक खाकरलं तेव्हा कुठे हलले.

टेबलाशी बसल्यावर दुसरी गंमत. सगळं दुकान सुर्र सुर्र आवाज करत खात होतं. सुटाबुटातले साहेब, शाळेतल्या मुली, एक म्हातारे डॉक्टर, गळ्यात ती नळी तशीच लटकलेली. सगळे वाडग्यात तोंड घालून बिनदिक्कत भुरके मारत होते. लहानपणी अशा भुरक्यासाठी तात्यांनी मार खाल्लेला. इथे कुणी कुणाकडे ढुंकून बघत नव्हतं.

आणि काकू! काकूंनी दोन काड्या उचलल्या, बोटांत अश्शा सराईतपणे धरल्या, नूडल्स उचलल्या आणि सुर्रकन ओढल्या. तात्या आ वासून बघत राहिले. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात ही विद्या या बाईकडे असल्याचा त्यांना पत्ता नव्हता. कुठे शिकलीस म्हणून विचारलं तर काकू म्हणाल्या, गार होतंय, खा. ताकास तूर लागू दिली नाही.

तात्यांनी काटा मागून घेतला. एक नूडल गुंडाळली, तोंडात घातली, आणि चावली.

आता इथे जरा थांबायला हवं, कारण तात्याही थांबले. दातांनी दाबलं तर ते दबलं, पण हरलं नाही. हळूच वर आलं, मग तुटलं, आणि तुटताना गव्हाचा वास नाकात भरला. ताज्या दळणाचा वास. तात्यांचा घास तोंडातच राहिला. दुसरी नूडल त्यांनी वाडग्यातून काढली, ट्रेवर ठेवली आणि चष्मा कपाळावर चढवून डोळ्याजवळ नेली. चारही कडा शाबूत. उकळत्या पाण्यातून निघालेल्या पिठाच्या कडा! मधोमध जराशी आरपार दिसणारी, वरून गुळगुळीत. बोटानं दाबली. मग आणखी एक खाल्ली. मग सगळी लाजलज्जा सोडून तात्यांनी वाडगा तोंडाशी नेला आणि असा भुरका मारला की शेजारच्या डॉक्टरांनी मान वर करून बघितलं.

त्यांच्या अंगावर काटा आला होता. ते वर्षानुवर्षं पिठाकडे जे मागत आले होते, आणि हजारातल्या एखाद्याच घाण्यात जे मिळायचं, ते इथे ट्रेवर घेऊन लोक फोन बघत खात होते. डोळ्यांत पाणी का आलं ते त्यांना कळेना. सूप गरम आहे, असं ते उगाचच काकूंना म्हणाले.

मग त्यांना बसवेना. उठले आणि सरळ हंड्यावरच्या रुमालवाल्याकडे गेले. यात काय काय घालता म्हणून विचारलं. पीठ, पाणी, मीठ, तो म्हणाला. आणखी? आणखी काही नाही. खमीर? नाही. अंडं? नाही. सोडा, तेल, साखर? तो नुसता मान हलवत राहिला. तात्यांचा विश्वास बसेना. खमिराशिवाय पीठ म्हणजे त्यांच्या लेखी मढं.

"मग हे जिवंत कशानं आहे?" त्यांनी विचारलं.

रुमालवाला हसला. म्हणाला, ते मळणारीला विचारा. आमच्या बाकीच्या दुकानांतली माणसं तिच्याकडे शिकायला येतात. हवा जरा दमट झाली तर मिठाचं पाणी किती कमी करायचं, ते ती कणकेला नुसता पाय लावून सांगते. आणि त्यानं गाळणीच्या दांड्यानं कोपऱ्यातली काच दाखवली.

पाय? तात्यांना वाटलं, आपण काहीतरी भलतंच ऐकलं. ते काचेपाशी गेले. काचेच्या वरच्या भागावर वाडग्यांचे मोठमोठे फोटो चिकटवलेले, म्हणून खाली वाकून बघावं लागलं. आत जमिनीवर स्वच्छ चादर, तिच्यावर जाड प्लॅस्टिकच्या दोन पदरांमध्ये गुंडाळलेला पिठाचा गोळा, आणि त्या गोळ्यावर पांढरेशुभ्र मोजे घातलेली दोन पावलं चालत होती.

तात्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिठाच्या पोत्यावरून ओलांडून गेला म्हणून एका कारागिराला त्यांनी त्याच दिवशी घरी पाठवलं होतं. आणि इथे खायच्या वस्तूवर चालतायत! काच ठोठावायला त्यांनी हात उचलला.

पण उचललेला हात तसाच राहिला, कारण डोळे पावलांवर खिळले होते. पावलं उगाच नाचत नव्हती. आधी टाच, मग अर्धं पाऊल. मधून सुरुवात करून गोल गोल, काठाकडे. जिथून टाच उचलली तिथे दुसरी टाच बरोबर शेजारी. अख्ख्या देहाचा भार, पण धसमुसळेपणा नाही. मीठ घातलेलं घट्ट पीठ असं असतं की हातानं मळायचं तर खांदे निखळतील, आणि मशीनमध्ये टाकलं तर फाटेल. त्याला वजन हवं आणि सबुरी हवी. हे तात्यांना कुणी सांगितलं नाही, त्यांनी ते नुसतं बघून ओळखलं. चाळीस वर्षं काही फुकट गेली नव्हती. गोळा पसरत पसरत पोळीएवढा झाला. तात्या राग विसरले, काच विसरले, वाकून पाठ भरून आली तेही विसरले. एवढ्या मायेनं पिठाला वागवताना त्यांनी कुणाला पाहिलं नव्हतं. स्वतःलासुद्धा नाही.

मग ती पावलं खाली उतरली, आणि पिठाची घडी घालायला मळणारी खाली बसली. काचेत तिचे हात आले. डाव्या हातानं ती कड उचलत होती आणि उजव्या मनगटानं दाबत होती. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं ताठ, बाजूला उभी होती.

तात्यांनी काचेला हात टेकला.  मागे काकू येऊन उभ्या होत्या. दर मंगळवारी त्या बहिणीकडे म्हणून जायच्या, ते इथे यायच्या. दीड वर्ष. धाकटीला तुम्ही येणार हे सांगितलेलं नाही, असं त्या म्हणाल्या. आणि तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही चष्माही आणायला आला नसता.

"दार तिकडे आहे," काकू म्हणाल्या. "मी इथेच उभी आहे."

त्या दारापर्यंतची दहा पावलं तात्यांना जन्मभराएवढी लांब वाटली.  आत्ताच्या आत्ता मागे फिरावं आणि गॅलरी गाठावी असं वाटत होतं. त्यांनी दार ढकललं.

धाकटी पुन्हा पिठावर उभी राहिली होती. तिनं वळून पाहिलं, तिचा चेहरा पांढरा पडला, पण पावलं थांबली नाहीत. पीठ अर्ध्यावर सोडायचं नसतं हे तिला कुणी शिकवलं, ते सांगायला नको.  खोलीत नुसता प्लॅस्टिकचा चरचर आवाज येत होता.

"जाळी मी काढली होती," तात्या म्हणाले. "माझं चुकलं."

चार वर्षं आरशासमोर घोकलेलं एका दमात संपलं. धाकटी चालत राहिली.

"ते मला कधीचं माहितीये, तात्या. तुम्ही स्क्रू काढत होतात तेव्हा दुसऱ्या बाजूनं जाळी मीच धरली होती. त्याचा राग मला कधीच नव्हता."

तात्यांना काही समजेना. मग राग कशाचा? तिनंच सांगितलं, खाली पायांकडे बघत.

"दवाखान्यात तुम्ही मामाला म्हणालात, हिच्या हातून आता पीठ व्हायचं नाही. मी झोपले नव्हते."

तात्या आठवू लागले. दवाखान्याचा हिरवा पडदा आठवला, मामाच्या हातातला थर्मास आठवला, आपण ओक्साबोक्शी रडलो ते आठवलं. आणि हो, त्या रडण्यात ते वाक्यही होतं. दुःखानं बोललेलं, बोलून विसरलेलं. पण त्या घरात पिठाबाबत तात्यांचा शब्द शेवटचा. हे फुगणार नाही म्हणाले की नाही फुगायचं, हे जळणार म्हणाले की जळायचं. धाकटी लहानपणापासून हेच बघत आलेली, ते शब्द तिनं विलाप म्हणून नाही, निकाल म्हणून ऐकले. घर सोडल्यावर वर्षभर ती कपड्यांच्या दुकानात बिलं करत होती, पिठाला बोट लावलं नाही. मग एकदा इथे खायला आली, वाकून त्या काचेतून बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी कामाला ठेवा म्हणून येऊन उभी राहिली. हे तिनं सगळं पाय न थांबवता सांगितलं.

आपण चार वर्षं भलत्याच चुकीची माफी घोकत बसलो, हे तात्यांच्या लक्षात आलं. एका जाळीसाठी इतकी वर्षं झुरलो, आणि पोरीला जे खरं लागलं होतं त्याची आठवणसुद्धा नव्हती. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की ते तिथेच, चादरीच्या कडेला, उकिडवे बसले.

धाकटी थांबली. घाबरलीच असणार. तात्यांनी हात पुढे केला, पण लावू का म्हणून आधी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली. प्लॅस्टिकवरून त्यांनी पिठाला तळवा लावला. गार, घट्ट आणि गुळगुळीत पीठ. आत काय चाललंय ते त्यांच्या हाताला कळत नव्हतं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा एखादं पीठ त्यांना अनोळखी होतं.

"मी ते बोललो, ते साफ खोटं ठरलं," ते म्हणाले.  "असलं पीठ मी जन्मात केलं नाही. मला जमलंच नसतं." मग त्यांनी नाक पुसलं. "झालंय का गं हे? मला कळत नाही. तूच सांग."

पिठातलं मला कळत नाही, हे तात्यांच्या तोंडून ऐकलेला माणूस जगात नव्हता. धाकटीनं तोंड फिरवलं, उजव्या मनगटानं डोळे पुसले.  मग तिनं कपाट उघडलं, कोऱ्या पांढऱ्या मोज्यांची जोडी काढली आणि त्यांच्यासमोर धरली.

"नाही झालं," ती म्हणाली. "अजून दोनदा तुडवायचंय. पाय धुऊन या."

तात्या पाय धुऊन आले. मोजे चढवले. पिठावर पाऊल ठेवलं तर खालचं सगळं हललं, बोटीत चढल्यासारखं, आणि एवढा मोठा बेकरीचा धनी दोन्ही हात पसरून डगमगू लागला. धाकटीनं पटकन उजवा हात पुढे केला. अपघातानंतर तात्यांनी त्या हाताकडे नीट पाहिलंही नव्हतं. त्यांनी तो धरला. दोन बोटं त्यांच्या मुठीत ताठ राहिली. उरलेल्यांनी तिनं त्यांना घट्ट धरलं.

"टाचेवर भार द्या, तात्या," ती म्हणाली. "घाई नको. हां, अस्सं."